आईचे टेम्पररी संत

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वडिलांना पिंपरीत औषधाच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही नगर जिल्ह्यातलं गाव सोडून कामगारांच्या चाळीत राहायला आलो. वडिलांना मी दादा म्हणायचे. मोठमोठ्या टाक्यांमध्ये पेनिसिलीन आंबवायचं, त्या खात्यात ते होते. कामावरून आले की त्यांच्या शर्टाला शिळ्या ताकासारखा वास यायचा, आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

आमचं घर कॅथलिक. पणजोबांच्या वेळी गावकुसाबाहेरची आमची सगळी वस्ती ख्रिस्ती झाली, एवढंच मला माहीत होतं. पिंपरीत तेव्हा आमच्यासारखी मराठी कॅथलिक घरं थोडी. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, एका शाळेच्या वर्गात व्हायची. बाकं भिंतीला लावायची, मास्तरांच्या टेबलावर पांढरं कापड घालायचं, आणि पुण्याहून फादर मोटारसायकलवर यायचे. ते परदेशातले होते, पण मराठी बिनचूक बोलायचे, फक्त ती पुस्तकातली. "आपण कुशल आहात ना?" असं ते चाळीतल्या बायकांना विचारायचे, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

या फादरांकडूनच आईला तिचे संत मिळाले. खरं म्हणजे ते संत नव्हते. फादर कधी कधी पत्त्याच्या पानाएवढी चित्रं वाटायचे, पुढे चित्र आणि मागे इंग्रजीत प्रार्थना. संतांची चित्रं आमच्या गावीही होती, डोक्यामागे तेजाचं वलय आणि नजर आभाळाकडे. हे मात्र सरळ फोटो होते. आपल्या काळातल्या माणसांचे. त्यांना संत ठरवायचं काम रोममध्ये चालू होतं, अजून पुरं झालं नव्हतं. त्यात एक चष्मेवाला डॉक्टर होता, गरिबांना फुकट तपासणारा. एक तरुण शाळामास्तर होता, साथीत रोग्यांची सेवा करताना वारलेला. आणि एक जाडजूड, गोल चेहऱ्याची सिस्टर होती. तिनं सगळा जन्म मठाच्या स्वयंपाकघरात काढला होता. दारावर येईल त्याला जेवू घालायचं, याशिवाय तिच्या नावावर काहीच नव्हतं.

आईचा जीव या सिस्टरवर. "हिचे हात बघ," ती मला म्हणायची. फोटोत हात नीट दिसतही नव्हते. "हिनं चुलीपुढं जन्म काढलाय. हिला काय सांगावं लागत न्हाई." आई तिला स्वयंपाकीण सिस्टरच म्हणायची. देवळीत येशूच्या चित्राखाली हे तिघे उभे असायचे, आणि सिस्टर मधे.

दादांना याची मजा वाटायची. एकदा जेवताना ते म्हणाले, "एवढे पक्के संत आहेत स्वर्गात. त्यांना सोडून तू या उमेदवारांच्या मागं का लागलीस?"

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "तुमी बदलीवर होता तवा मुकादमानं हाक मारली की पळत जायचात. पर्मनंट झाल्यापासून चहा संपवून जाता. तसंच हाय ते. हे माझे अजून टेम्पररी हायेत. हाक मारली की येत्यात."

दादांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खात्यात सांगितलं, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांच्या शिफ्टचे लोक त्यांना विचारायचे, "काय राव, वहिनींचे टेम्पररी काय म्हणतात?"

आमच्या शेजारच्या खोलीत बीडकडचं एक कुटुंब होतं. काका एका कंपनीत ओतकामाला होते, घरात दोन लहान मुलं. त्यांच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. तिला काकांची बायको, आमच्या मावशी, रोज ताजं फूल वाहायच्या. त्यांच्या सगळ्या गावानं दीक्षा घेतली होती. देव मानणार नाही, नवस-चमत्कार मानणार नाही, अशी शपथ मावशींनी लग्नाआधी घेतली होती, आणि त्या ती पाळायच्या. आईचं आणि त्यांचं या गोष्टीवरून सारखं चालायचं.

"तुमी एका देवातून निघालात अन् दुसऱ्यात जाऊन बसलात, ताई," मावशी म्हणायच्या. "आमी निघालो ते निघालोच."

"निघालात म्हणून काय जन्मभर हुभंच ऱ्हायचं का, गं?" आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. दोघींच्या आज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं. हे त्यांनी एकमेकींना कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. दोघींना ते ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्या आमच्या दारात शेवया करायला बसायच्या. यंत्र आमचं, बाज त्यांची. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खाली येणाऱ्या शेवया हातावर झेलून बाजेवरच्या कापडावर पसरायच्या.

मी सातवीत होते तेव्हा काकांच्या पायाला जखम झाली. न्हाणीचा पत्रा बदलताना जुना गंजका तुकडा पोटरीला लागला. त्यांनी हळद दाबली आणि कामावर गेले. जखम सुकलीसुद्धा. मग एक दिवस भाकरी चावता येईना. "भाकरी कडक झालीय," म्हणाले. मावशींनी दुधात कुस्करून दिली. दुसऱ्या दिवशी जबडा उघडेना आणि मान मागं ओढायला लागली. दादांनी त्यांना पाहिलं आणि रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. धनुर्वात होता.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात अशा रोग्यांसाठी वेगळी खोली होती. खिडक्यांना काळे पडदे लावलेले. उजेड पडला, दार वाजलं, कुणी शिंकलं, तरी रोग्याला झटका यायचा आणि अंग धनुष्यासारखं वाकायचं. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की निम्म्याहून अधिक जात नाहीत घरी. मुलांना आत सोडत नव्हते. पुढं काय झालं ते मला आईनं सांगितलं आणि मावशींनीही, वेगवेगळं, आणि दोघींचं सांगणं एकच होतं.

खोलीच्या दारात नर्सनं मावशींना अडवलं. "बांगड्या काढा," म्हणाली. "आवाज चालणार नाही."

मावशींच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या हात पुढं करून उभ्या राहिल्या आणि त्यांना ते जमेना. नर्स घाई करत होती. तिचंही बरोबर होतं.

"ताई," मावशी हळूच म्हणाल्या, "म्या देव सोडला. ह्या न्हाई सोडवत मला. आत्ता, या दारात, न्हाई."

आईनं आपल्या पदराची किनार दातांनी तोडून दोन लांब पट्ट्या फाडल्या आणि मावशींच्या दोन्ही मनगटांना कोपरापर्यंत घट्ट गुंडाळल्या. मग आणखी दोन फाडून स्वतःच्या बांगड्यांवर. नर्सनं दोघींचे हात हलवून पाहिले आणि आत सोडलं.

त्यानंतर बरेच दिवस दोघींनी पाळ्या लावल्या. सकाळी आई आमचा डबा करून लोकलनं जायची, दुपारी मावशी यायच्या. मुलं आमच्याकडेच जेवायची. रविवारी मी आईबरोबर डबा घेऊन जायचे आणि व्हरांड्यात बसायचे. मला सगळ्यात नवल आईचं वाटायचं. घरी ती जपमाळ मोठ्यानं म्हणायची. चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. तिच्या मते देवाला हळू बोललेलं आवडत नाही. आणि आता ती त्या काळ्या खोलीत तासन् तास बसायची, ओठसुद्धा न हलवता. बाहेर आली की तिचा आवाज बसलेला असायचा, जणू खूप बोलून आली आहे.

पहिल्याच दिवशी तिनं मावशींना विचारलं होतं, "माझी सिस्टर ठिवू का उशीखाली?"

"तुला बरं वाटत आसंल तर ठिव," मावशी म्हणाल्या. "त्यांना टोचायला नको फक्त."

काका वाचले. आधी झटके कमी झाले, मग मान सैल पडली, मग एक दिवस चमच्यानं पेज गेली. औषधं डॉक्टरांनी भरपूर दिली होती, धनुर्वाताच्या विषावरचा उतारा आणि पेनिसिलीनची इंजेक्शनं. आणि बोलता यायला लागल्यावर काकांनी दातांतल्या दातांत पहिला प्रश्न केला तो हा: "ती गोल तोंडाची बाई कुठं गेली? पांढरं फडकं डोक्याला असलेली. माझ्यापाशी बसायची."

आई तेव्हा तिथंच होती. तिनं उशीखाली हात घातला, चित्र काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. काका बराच वेळ बघत राहिले. "हीच," म्हणाले.

आई घरी आली ती वेगळीच. चूल पेटवायची विसरली. मला बसवून चित्रामागची इंग्रजी प्रार्थना पुन्हा वाचायला लावली. प्रार्थनेच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या सेविकेच्या मध्यस्थीनं कुणावर कृपा झाली असल्यास कळवावं. मी शाळेतल्या इंग्रजीवर त्याचा अर्थ लावला. "म्हंजे त्यांना ठाऊकच न्हाई," आई म्हणाली. "आपण सांगितल्याबिगर त्यांना कळणार कसं?"

दादा म्हणाले, "पेनिसिलीनच्या बाटल्यांवर आमच्याच कारखान्याचं नाव होतं. मी स्वतः पाहिलंय. मग मलाच करा की संत."

"तुमी नुसत्या टाक्या बघता," आई म्हणाली.

रविवारी मिस्सा झाल्यावर तिनं फादरांना गाठलं. फादरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले की रोममध्ये अशा गोष्टी फार कसून तपासतात. रोगी औषधानं बरा होऊ शकत होता का, हे डॉक्टरांना विचारतात. रोग्याची आणि घरच्यांची साक्ष घेतात. बहुतेक वेळा नाहीच म्हणतात. "तरीसुद्धा त्या कुटुंबाचं म्हणणं काय आहे, ते आपण विचारून पाहावं," असं ते म्हणाले. बहुधा आईला दुखवायचं नाही म्हणून.

आईनं संध्याकाळी मावशींना विचारलं. काका घरी आले होते, बाजेवर पडून होते. मी मावशींच्या धाकटीला भात भरवत होते.

"मी न्हाई सांगायची असं," मावशी म्हणाल्या.

"खोटं थोडंच सांगायचंय? त्यांनी स्वतः तिला पाह्यलं."

"समद्या नर्सा पांढऱ्या टोप्या घालतात, ताई. अन् उशी बदलताना ते चित्र धा वेळा त्यांच्या डोळ्यापुढं आलं आसंल. तापात माणसाला काय काय दिसतं."

आईनं काकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "मला दिसली खरी. पण मला तेव्हा माझा मेलेला चुलतासुद्धा दिसला, वहिनी."

"तू मला जेव म्हण, मी जेवंन," मावशी म्हणाल्या. "बस म्हण, रातभर बसंन. पण चमत्कार झाला असं माझ्या तोंडून निघायचं न्हाई. आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या चमत्कारच सांगितले सगळ्यांनी. पोटाला कुणी दिलं न्हाई."

आई उठली. "म्हंजे माझी प्रार्थना वाया गेली म्हण की," एवढं बोलून ती घरी आली.

भांडण असं झालं नाही. पण दोघींचं येणं-जाणं थांबलं. नळावर एकमेकींसाठी जागा ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. मुलं इकडून तिकडं जायची तशीच जात राहिली. उन्हाळा आला आणि आईनं शेवयांचं यंत्र एकटीनंच बाकाला बसवलं. मी दांडा फिरवायला बसले. माझा वेग सारखा राहीना, शेवया तुटायला लागल्या. आई तुटलेल्या शेवया गोळा करून पुन्हा मळत राहिली. पलीकडं मावशींची बाज भिंतीला उभी केलेली होती.

त्याच सुमारास फादर चाळीतल्या कॅथलिक घरांना भेटी द्यायला आले. आमच्याकडं आले तेव्हा दादा कामावर होते. आईनं पाट दिला, पण ते नेहमीसारखे जमिनीवरच बसले, आणि पांढरा झगा गुडघ्यांखाली सारून म्हणाले, "त्या सिस्टरांच्या प्रकरणाचं काय झालं?"

आईला काय सांगावं कळेना. चाळीतल्या भिंती पातळ होत्या. पलीकडचा चमचा पडला तरी इकडं कळायचं. तेवढ्यात मावशी दारात आल्या. डोक्यावर पदर घेतलेला. आत आल्या नाहीत, उंबऱ्याशी बसल्या.

"फादर, त्या बाईसाठी साक्ष लागती म्हणं," त्या म्हणाल्या.

फादर म्हणाले, "हो. आपण देऊ इच्छिता का?"

"मी चमत्कार मानत न्हाई. ते आधी सांगते. माझा मालक औषधानं बरा झाला. पण माझं मला सांगायचंय." मावशींनी आईकडं बोट केलं. "त्या दवाखान्यात माझं कुणी न्हवतं. सासरचं न्हाई, माहेरचं न्हाई. दारात मला बांगड्या काढा म्हणाल्या तवा ही माझ्यासंगं होती. हिनं नवी साडी फाडली. आंधारात बसली, रोज. हिला गप बसवत न्हाई, तुमाला ठाऊक आसंल. तिथं ही हूं की चूं न करता बसली. माझी पोरं हिच्या घरी जेवली. हिला कुणी सांगितलं हे? ती चित्रातली बाई सांगती म्हणती ही. आसंल. मला त्या बाईचं काय ठाऊक न्हाई. हिचं ठाऊक हाय. कुणाला कळवायचं आसंल तर हे कळवा."

फादर म्हणाले, "हे मी रोमला पाठवू शकत नाही, बाई. यात बरं होण्याविषयी काहीच नाही."

"मंग नका पाठवू," मावशी म्हणाल्या.

"पण आपण सांगितलंत, हे फार चांगलं झालं." फादरांनी चष्मा काढला आणि झग्याच्या बाहीला पुसला.

आई एव्हाना खोलीत नव्हती. ती मागच्या मोरीपाशी भांडी घासत होती, सकाळीच घासून ठेवलेली. मी तिला बोलवायला गेले तर म्हणाली, "जा, चहा टाक. मला काय झालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बाज उचलून आमच्या दारात आणून टाकली आणि म्हणाल्या, "पोरीला अभ्यासाला बसव. मी फिरवते दांडा." आईनं पीठ पुढं केलं. पहिला घाणा उतरल्यावर आई म्हणाली, "नवी न्हवती ती साडी. दोन वर्सांची होती."

"फादरला काय ठाऊक," मावशी म्हणाल्या.

काकांना कंपनीनं भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये हलकं काम दिलं. त्यांचा जबडा पूर्वीसारखा सैल झाला नाही. बोलताना ते नेहमी थोडे रागावल्यासारखे दिसायचे, आणि नव्या माणसाला त्यांची भीती वाटायची. रागावलेले मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

आईचे तिघे देवळीत तसेच राहिले. मी कॉलेजात असताना फादरांनी एकदा मिस्सेनंतर सांगितलं की चष्मेवाल्या डॉक्टरांचं प्रकरण रोममध्ये एक पायरी पुढं सरकलं आहे. आईनं आनंद दाखवला, पण घरी आल्यावर म्हणाली, "डॉक्टर हाय ना. शिकलेल्याचं लवकर होतं." तिनं सिस्टरपुढं त्या दिवशी दोन मेणबत्त्या लावल्या, एकीऐवजी. मावशींनी दारातून पाहिलं आणि विचारलं, "काय झालं गं?"

"हिला मागं ठेवलं," आई म्हणाली.

मावशी आत आल्या. चित्राकडं बघत म्हणाल्या, "बायामाणसाचं आसंच." दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसल्या. रोमच्या कारभारावर मावशींनी त्या दिवशी इतकी टीका केली की शेवटी आईलाच रोमची बाजू घ्यावी लागली.

ऐंशी सालानंतर मावशींनी निगडीकडं प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत लहानसं घर बांधलं. गृहप्रवेशाच्या दिवशी भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, आले होते, आणि आम्ही सगळे गेलो होतो. माझं तेव्हा लग्न झालं होतं. मी सासरहून आले होते. पुढची खोली माणसांनी भरली होती. मावशींनी आईला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. भंतेंनी पालीतून म्हणायला सुरुवात केली, सगळ्यांनी हात जोडले. आईनंही जोडले. थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमधी असायची, तवा आसंच वाटायचं. एक अक्षर कळायचं न्हाई, पण उठू वाटायचं न्हाई."

जेवणं झाल्यावर मावशींनी आईला सगळं घर दाखवलं. संडास, न्हाणी, वरची टाकी. स्वयंपाकघरात सिमेंटचा ओटा होता. उभं राहून स्वयंपाक करायचा. आईनं ओट्यावरून हात फिरवला, पुढं वाकून उंची पाहिली आणि म्हणाली की पाठीला बरं पडेल, पण भाकरी थापायला तू खालीच बसशील बघ. मावशी म्हणाल्या की तेच त्या बांधणाऱ्याला सांगत होत्या, त्यानं ऐकलं नाही. मग दोघी खाली बसल्या आणि उरलेल्या पुऱ्या कुणाकुणाच्या डब्यात भरायच्या ते ठरवू लागल्या, आणि बाहेर दादा आणि काका बसची वेळ झाली म्हणून हाका मारत राहिले.